वॉटरप्रूफ म्हणजे किती मिलिमीटर?

तंबूच्या पिशवीवर दोन शिक्के हमखास असतात: 'टू पर्सन' आणि 'वॉटरप्रूफ'. पहिला शिक्का दोघांनी आत आडवं होऊन पाहिल्याशिवाय खरा मानू नये, आणि दुसरा मिलिमीटरमध्ये सांगितल्याशिवाय. ऑक्टोबर सरला, ट्रेकच्या ग्रुपवर 'दोघांसाठी हलका तंबू कोणता घेऊ?' ही विचारणा सुरू झाली की उत्तरं येतात ती मात्र किमतीची, रंगाची आणि कुठल्या साइटवर सेल लागलाय याची. घेणाऱ्याने मागायला हवेत ते आकडे, आणि ते कुणी मागत नाही म्हणून विकणारेही छापत नाहीत.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या आधीच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडला नाही. हरिश्चंद्रगडावर गुहा होत्या, राजगडावर पद्मावतीचं देऊळ, तोरण्यावर मेंगाईचं, सुधागडावर पंत सचिवांचा वाडा. तिथे जागा नाहीच मिळाली तर पायथ्याच्या गावात कुणाची तरी पडवी. एक सतरंजी, एक चादर, काम भागलं. आता शनिवारी रात्री त्याच गुहेत पाय ठेवायला जागा नसते. पाठीवरच्या सॅकमध्ये तंबू आला तो या गर्दीमुळे, आणि तो आला तेव्हा वजनाचा हिशेबही आला.

हा हिशेब सह्याद्रीत पाण्याशी बांधलेला आहे. फेब्रुवारीनंतर गडांवरची बरीच टाकी आटतात किंवा त्यातलं पाणी पिण्याजोगं राहत नाही, त्यामुळे माणशी तीन-चार लिटर पाणी खालूनच न्यावं लागतं. एक लिटर म्हणजे एक किलो. तीन किलोंच्या तंबूऐवजी दोन किलोंचा नेला, तर त्याच वजनात दोघांना मिळून एक लिटर पाणी जास्त नेता येतं. हलका तंबू ही हौशी लोकांची चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये खिरेश्वरहून टोलारखिंडीची वाट चढून पाहावी.

बाजाराची दोन टोकं आहेत. एका टोकाला दीड-दोन हजारांचा घुमटाकार तंबू: एकच पदर, फायबरग्लासचे पोल, प्लास्टिकच्या ताडपत्रीसारखी जमीन. दुसऱ्या टोकाला डायनीमासारख्या अतिहलक्या कापडाचे परदेशी तंबू. अमेरिकेतल्या झीपॅक्स कंपनीचा 'डुप्लेक्स' हा दोन माणसांचा तंबू साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्याला सहाशे डॉलरांहून जास्त मोजावे लागतात. या दोहोंच्या मधे, साधारण सात ते बारा हजारांत, दुहेरी पदराचा, अॅल्युमिनियमच्या पोलचा, दोन किलोंच्या आगेमागे वजनाचा तंबू मिळतो. महिन्या-दीड महिन्याला एक मुक्काम करणाऱ्या मराठी भटक्यासाठी शहाणा खर्च हाच. दरवर्षी 12 रात्री धरल्या आणि तंबू पाच वर्षं टिकला, तर नऊ हजारांच्या तंबूची एक रात्र दीडशे रुपयांना पडते; माणशी पंच्याहत्तर. दोन हजारांचा तंबू दुसऱ्या हिवाळ्यात पोल मोडून माळ्यावर गेला, तर त्याची रात्रही फार स्वस्त पडत नाही.

आकडा पहिला, वजन. तेही कुठलं? पुष्कळदा जाहिरातीत छापतात ते नुसत्या आतल्या-बाहेरच्या पदराचं आणि पोलचं. खुंट्या, दोऱ्या, पिशव्या त्यात धरलेल्या नसतात. सॅकमध्ये मात्र सगळंच जातं. म्हणून पूर्ण बांधलेल्या पिशवीचं वजन विचारावं, आणि शक्य तर दुकानातल्याच काट्यावर करून घ्यावं.

दुसरा आकडा रुंदीचा. झोपायची साधी मॅट सुमारे 51 सेंटिमीटर रुंद असते. दोन म्हणजे 102. दोघांच्या तंबूची रुंदी बहुधा 120 ते 140 सेंटिमीटर. 120 मध्ये दोघं झोपतात, पण सॅक बाहेर राहतात, आणि कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागते. काही तंबू पायाकडे निमुळते होत जातात; त्यांची छापलेली रुंदी डोक्याकडची असते. उंच माणसाने पाय ताणून पाहावेत, कारण बोटं आतल्या भिंतीला टेकली की पहाटेपर्यंत स्लीपिंग बॅगचं टोक ओलं झालेलं असतं.

हे ओलं होणं म्हणजे गळती नव्हे, आणि बहुतेक तक्रारी इथेच चुकतात. दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सुमारे अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. डिसेंबरात कोकणकड्याच्या माथ्यावर बाहेरचं कापड गार पडतं आणि ती वाफ त्यावर आतून धरते. पहाटे चारला एकपदरी तंबूत टॉर्च लावला की छतावर बारीक थेंबांची दाट जाळी दिसते. वाऱ्याचा एक झपाटा आला की ती जाळी हलते आणि थेंब सरळ तोंडावर. दुहेरी पदराच्या तंबूतही थेंब धरतातच, पण ते बाहेरच्या कापडाच्या आतल्या अंगाला. मधे जाळीचा पदर असल्यामुळे ते ओघळून कडेने खाली जातात. महाराष्ट्रातल्या दमट हवेत एकपदरी तंबू स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, ते एवढ्याचसाठी.

आता मिलिमीटर. कापड किती पाणी सोसतं हे मोजायची रीत सोपी आहे: कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून तो वाढवत न्यायचा आणि कापडातून थेंब फुटू लागले की स्तंभाची उंची नोंदवायची. आयएसओ 811 हे मानक याच चाचणीचं. वरच्या कापडाला 1500 ते 3000 मिलिमीटर पुरतात. जमिनीला जास्त हवेत, कारण गुडघा टेकवला की ओल्या मातीतलं पाणी दाबाने वर येतं. पण आकडा मोठा म्हणून तंबू गळणार नाही असंही नाही. पाणी शिवणीतून येतं. बाहेरचं कापड दुकानातच उलटं करावं आणि शिवणीवरून बोट फिरवावं: आतल्या बाजूने पारदर्शक टेपची पट्टी सलग चिकटवलेली असली पाहिजे. कोपऱ्यात, दोरी जिथे शिवलेली असते तिथे, ती तुटलेली दिसली तर 5000 चा आकडाही कामाचा नाही.

शिवाय पाच हजार हवेत कुणाला? आषाढातल्या घाटमाथ्यावर, जिथे आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथे तंबू लावणं हाच मुळात चुकीचा बेत. तेव्हा देऊळ, पडवी किंवा घर. आपल्याकडे तंबूचा हंगाम ऑक्टोबर ते मे, आणि त्यात त्याला झुंजायचं असतं ते दवाशी आणि वाऱ्याशी. मे महिन्यात तर बाहेरचा पदर काढून ठेवून नुसत्या जाळीत झोपता यावं, ही सोय पाच हजार मिलिमीटरपेक्षा मोलाची.

वाऱ्याचा प्रश्न पोलशी येऊन ठेपतो. फायबरग्लासचा पोल वजनाने जड आणि मोडायला बेभरवशाचा. तो बहुधा धातूची नळी जिथे बसवलेली असते त्या तोंडाशी उभा चिरतो, केसासारखी बारीक कुसळं सुटतात आणि ती अंधारात चाचपडणाऱ्या बोटात शिरतात. अॅल्युमिनियमचा पोल आधी वाकतो. वाकलेल्या जागी तुकड्याएवढी सुटी नळी सरकवून वर चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निघते. ही नळी बरेच उत्पादक सोबत देतात. नसेल तर मागून घ्यावी.

आणि कातळ. परदेशी परीक्षणं वाचून खरेदी करणारे इथे फसतात. हलक्या तंबूंतले बरेचसे ट्रेकिंगच्या काठ्यांवर आणि ताणलेल्या दोऱ्यांवर उभे राहतात, म्हणजे खुंट्या धरल्या तरच. अमेरिकेतल्या मऊ जंगलमातीत ते ठीक. सह्याद्रीच्या माथ्यावर चार बोटं मातीखाली काळा पाषाण लागतो, खुंटी वाकते, दगडाने ठोकली तर उडून जाते. इथे पोल अडकवले की आपल्या पायांवर उभा राहणारा तंबूच हवा. दोऱ्या मग धोंड्यांना बांधता येतात. त्यासाठी दोनशे-तीनशे ग्रॅम जास्त वाहावे लागले तर वाहावेत. जितकं हलकं तितकं चांगलं, हा नियम इथे येऊन थांबतो.

वजन कमी करायची हौस नवी नाही. 1955 मध्ये 67 वर्षांच्या एमा गेटवुड या अमेरिकी आजी अॅपलाचियन ट्रेलची दोन हजारांहून जास्त मैलांची वाट एकट्या चालून गेल्या. त्यांच्याजवळ तंबू नव्हताच. पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा होता आणि सामान खांद्यावरच्या घरी शिवलेल्या झोळीत. पण त्या रात्री वाटेवरच्या निवाऱ्यांत आणि लोकांच्या घरीही काढत. आपल्या पडवीचीच ती तऱ्हा.

ग्राहकाने एवढं सगळं स्वतः तपासावं ही अपेक्षा मात्र अन्यायाची. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार पाकिटावर किंमत, नग, उत्पादकाचं नाव-पत्ता असा तपशील छापावाच लागतो. कापड किती मिलिमीटर पाणी सोसतं, हे छापायची सक्ती नाही. 'वॉटरप्रूफ' हा शब्द त्यामुळे फुकट वापरता येतो. पंख्यावर विजेच्या बचतीचे तारे असतात, तर तंबूवर बांधलेलं वजन, आतली रुंदी, वरच्या कापडाचे आणि जमिनीचे मिलिमीटर, पोल कशाचा, एवढ्या चार ओळी छापायला हरकत कसली? चांगले उत्पादक त्या आपणहून देतात. न देणाऱ्याचा तंबू ग्राहकांनी दुकानातच ठेवला, तर सक्तीची वाटही पाहावी लागणार नाही.

पहिला तंबू घेण्याआधी दोन-तीन मुक्काम भाड्याच्या तंबूत काढणं बरं. हरिश्चंद्रगडावर पाचनईकडची मंडळी तंबू आणि जेवण दोन्ही पुरवतात. पैसे गावात राहतात आणि आपल्याला रुंदी किती लागते हेही कळतं. गड अभयारण्यात किंवा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असेल, तर मुक्कामाला मुभा आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्यावं.

तंबू विकत घेतलाच, तर रविवारी रात्री घरी आल्यावर तो पिशवीत तसाच ठेवू नये. कापडाला आतून जे पॉलियुरेथेनचं आवरण असतं ते ओलीत हळूहळू विघटित होतं, चिकट होतं आणि पापुद्रे सुटू लागतात. सोमवारभर तो गॅलरीच्या दोरीवर, सावलीत, चड्ड्या-बनियनांच्या शेजारी टांगलेला बरा. सोसायटीत चौकशी होते तेवढी होते. वापरलेला तंबू स्वस्तात घेणारे जाणकार म्हणूनच तो उभारून बघण्याआधी जमिनीचं कापड नाकाशी नेतात. आंबूस वास आला आणि बोट चिकटलं, की किंमत न विचारताच परत देतात.