बिचारं सॉल्व्हंट!

गेल्या सेमिस्टरच्या ओरलला एक्स्टर्नलनी मला तापमान विचारलं, दाब विचारला, कॅटॅलिस्ट विचारला, यील्ड तर दोनदा विचारलं. सॉल्व्हंटबद्दल एक शब्द नाही. विचारलं असतं तरी मी काय दिवे लावणार होतो? "सर, डीएमएफ. ते फक्त विरघळवतं." जर्नलमध्येसुद्धा ते बाणाच्या डोक्यावर बारीक अक्षरात बसलेलं असतं, लग्नातल्या लांबच्या काकांसारखं. आले, जेवले, गेले.

या "फक्त"वरच माझा आक्षेप आहे.

आपल्या मेसचा कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, उकळणं हाच त्याचा ब्रेक. झाकण लावलं की तेच पाणी १२० पर्यंत चढतं. पण पाणी तिथेही पाणीच राहतं. डीएमएफचं तसं नाही. ते १५३ अंशांना उकळतं आणि त्याच सुमारास हळूहळू त्याचं विघटन होऊन डायमिथाइलअमाइन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. आम्ल किंवा अल्कली सोबत असेल तर त्याआधीच. डीएमएसओ १८९ ला उकळतं आणि तेही तिथे धड टिकत नाही. हॅलाइड किंवा आम्ल मिसळलेलं असेल तर बरंच आधी बिनसतं, वर उष्णताही बाहेर टाकतं. बंद रिअॅक्टरमध्ये उकळून सुटका नाही, म्हणजे ब्रेकच काढून घेतला.

यात एक मेख आहे. वाफ थंड केली की द्रव होते, दाब उतरतो. कार्बन मोनॉक्साइड असा द्रव होत नाही. त्यामुळे जॅकेटला पाणी उशिरा सोडलं तर तापमान उतरेल, पण प्रेशर गेजचा काटा पूर्ण खाली येणार नाही. शिवाय तापमान दर १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, जॅकेट मात्र सरळ रेषेतच उष्णता ओढतं. लॅबमधला फ्लास्क काचेतून थंड होऊन जातो. मोठ्या रिअॅक्टरचं आकारमान घनाने वाढतं आणि पृष्ठभाग वर्गाने. गणित आपल्याला येतं, फक्त इथे कोणी लावत नाही.

१९ डिसेंबर २००७. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज पेट्रोलमध्ये घालायचं मँगनीजचं संयुग बनवत होती. सोडियम, आणि सॉल्व्हंट म्हणून डायग्लाइम. अभिक्रिया १७७ अंशांच्या आसपास चालायची. त्या दिवशी थंड करणारी यंत्रणा बंद पडली, तापमान १९९ च्या पुढे गेलं आणि सोडियम थेट डायग्लाइमवरच तुटून पडलं. स्फोटात ४ जण गेले. ही १७५वी बॅच होती! तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली आणि शिफारस केली की असे धोके केमिकल इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात शिकवा. म्हणजे बोट आपल्या वर्गाकडेच वळलं की!

हे लांबचं वाटत असेल तर विरारहून डहाणू लोकल पकडा आणि बोईसरला उतरा. तारापूर एमआयडीसी. ११ जानेवारी २०२० ला तिथल्या एका कारखान्यातल्या स्फोटात ८ जणांचा जीव गेला. त्याला सॉल्व्हंटच कारण होतं असा माझा दावा नाही. पण आपल्या हॉस्टेलची कितीतरी मुलं ट्रेनिंगला तिथेच जातात, आणि जाताना त्यांना सॉल्व्हंटचा फ्लॅश पॉइंट पाठ असतो, विघटनाचं तापमान नाही.

सर म्हणतील, पोर्शन संपत नाही, त्यात हे आणखी कुठे? मान्य. वेगळा विषय नकोच. ओरलला एकच प्रश्न विचारा: तुझं सॉल्व्हंट किती अंशांना, कशाच्या संगतीत बिघडतं आणि कोणता वायू सोडतं? डीएससीला काही मिलिग्रॅम नमुना पुरतो, पुष्कळ आकडे तर छापलेलेच आहेत.

माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मी असा तक्ता घातलाय. गाईड सरांनी त्याभोवती पेन्सिलीने गोल करून "हे कशाला?" लिहिलंय. तक्ता मी अजून काढलेला नाही.