गाडीला हवा लागते तेव्हा

सकाळचे साडेआठ. मीटिंग साडेनऊला, आणि हिंजवडीचा ट्रॅफिक काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नकोच. किल्ली फिरवली. घर्र... घर्र... घर्र... आणि शांतता. पुन्हा सेल्फ मारला. आठ-दहा सेकंद नुसती घरघर, मग एकदाची सुरू झाली. जरा थरथरली आणि एकदम नॉर्मल. जणू काही झालंच नाही!

हे रोज सकाळी, तब्बल तीन आठवडे. संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमधून काढताना मात्र फारशी कटकट नाही. मीही टिपिकल आयटीवाली. रीस्टार्ट केल्यावर चालतंय ना, मग कशाला हात लावा? पण एका बुधवारी बायपासवर ओव्हरटेक करायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीने दमच टाकला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, मागे हॉर्न वाजवणारा ट्रक. कशीबशी कडेला घेतली. खोटं कशाला बोलू, जाम टरकले होते.

गाडी तशी माझी नाही, बाबांची. २०१३ची डिझेल हॅचबॅक. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशांतून हौसेने घेतलेली आणि डोळे साथ देईनात तेव्हा माझ्या हवाली केलेली. सोमवारी त्यांना वाईहून पुण्याला आणायचं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. आणि खंबाटकीच्या चढावर हिने दम टाकला तर?

गुरुवारी सर्व्हिस सेंटर गाठलं. एसी वेटिंग रूम, मशीनची कॉफी, टाय लावलेला सल्लागार. त्याने स्कॅनर जोडला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पी००८७, मॅडम. रेल प्रेशर लो. चारही इंजेक्टर गेलेत, पंपही बदलावा लागेल." एस्टिमेट ८२ हजार रुपये! वर मोफत सल्ला : एवढा खर्च करण्यापेक्षा विकूनच टाका.

सहीसाठी पेन हातात घेतलंही होतं. पण मनात आलं, आपल्याकडे सर्व्हर स्लो झाला तर कुणी थेट नवा सर्व्हर मागवतं का? आधी लॉग बघतो. कालपर्यंत नीट होतं, मग मध्ये काय बदललं, हा पहिला प्रश्न. इथे मला तो कुणी विचारलाच नव्हता. "उद्या सांगते," म्हणून सटकले.

शनिवारी सोसायटीमागच्या छोट्या गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाल्या काकांनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "ताई, त्रास सुरू होण्याआधी गाडीचं काय काम केलेलं?"

"सर्व्हिसिंग. ऑइल आणि डिझेल फिल्टर बदलला."

"मग तिथूनच बघू."

आता थोडा फंडा क्लिअर करू. टाकीतलं डिझेल फिल्टरमधून पंपाकडे जातं. पंप ते दाबून 'रेल' नावाच्या जाड नळीत भरतो आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. चाकातली हवा साधारण सव्वादोन बार दाबाची असते. अशा इंजिनाच्या रेलमध्ये पूर्ण जोरावर १६०० बारपर्यंत दाब जातो, म्हणजे सातशे पट! तो दाब तयार झाला नाही तर कॉम्प्युटर कोड दाखवतो. पण कोड फक्त एवढंच सांगतो, की दाब कमी आहे. का कमी आहे, ते नाही. फिल्टर तुंबला असेल, कुठून हवा शिरत असेल, इंजेक्टर आतून गळत असतील, सेन्सर बिघडला असेल किंवा पंप झिजला असेल. ताप आला म्हणून कुणी थेट ऑपरेशन करतं का?

काकांनी आधी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढलं. पाणी नाही, कचरा नाही. मग चार सारख्या बाटल्या आणल्या आणि प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नची बारीक नळी एकेका बाटलीत सोडली. गाडी काही मिनिटं चालू ठेवली. एखादा इंजेक्टर आतून गळत असेल तर त्याची बाटली भराभर भरते. आमच्या चारही बाटल्यांत अगदी थोडं आणि जवळपास सारखंच डिझेल. चारही आरोपी निर्दोष!

शेवटी फिल्टर आणि पंपाच्या मधली काळी नळी काढून तिथे पारदर्शक नळी लावली. सेल्फ मारला, आणि नळीतून बुडबुड्यांची वरातच निघाली. गाडीला हवा लागली होती, तीही शब्दशः!

माझा प्रश्न असा, की गळती आहे तर खाली एक थेंबही कसा नाही? काका हसले. आमच्या गाडीत पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे त्या भागात गळतीतून डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल मागे टाकीकडे उतरतं, म्हणून सकाळची घरघर. टाकीतच पंप असलेल्या गाड्यांत डिझेल पुढे ढकललं जातं, तिथे मात्र गळती बाहेर ठिपकते.

गुन्हेगार निघाली फिल्टरच्या तळाशी बसणारी रबरी रिंग. फिल्टर नवा, पण रिंग जुनीच बसवलेली, एका बाजूने चेपलेली. नवी रिंग टाकली, हातपंपाने हवा काढली, कोड पुसला. बिल सहाशे पन्नास रुपये. "वेळेत आलात," काका म्हणाले, "या पंपाला वंगण डिझेलचंच. हवा खात राहिला असता तर खरंच झिजला असता." म्हणजे माझ्या 'चालतंय ना'ने ते ८२ हजारांचं भाकीत मीच खरं केलं असतं!

तेव्हा दोस्तहो, मोठ्या आकड्यावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. कोणती टेस्ट केली? मला दाखवाल? त्याआधी स्वस्तातलं काय तपासलं? इंजेक्टर खरोखर खराब असतातही, पण मग ते बाटलीत दिसू दे ना. मात्र एक पथ्य पाळा. इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या जाड नळ्यांना स्वतः पाना लावू नका. त्या दाबाची धार कातडीच्या आत घुसते.

रविवारी खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये मस्त चढले. पण खरी परीक्षा सोमवारी सकाळी होती, रात्रभर वाईच्या गारव्यात उभ्या राहिलेल्या गाडीची. बाबा अंगणात कान देऊन उभे. किल्ली फिरवली. एका सेल्फमध्ये स्टार्ट!

"नवी बॅटरी टाकलीस वाटतं?"

"नाही बाबा," मी म्हटलं, "फक्त एक रबराची रिंग. बसा, उशीर होतोय."