बुडबुडेवाल्यांशी वैर

आमच्या दिवाणखान्यात काचेची एक पेटी आहे. तीत पाणवनस्पती, सहा मासे आणि माझी अब्रू एवढा ऐवज सुखानं नांदत होता. वनस्पती जोमानं वाढाव्यात म्हणून मी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणला. त्यापाठोपाठ सल्लागार आले. "सेकंदाला एक बुडबुडा! डोळे मिटून सोडा," म्हणाले. मी सोडला, आणि डोळेही मिटले.

सकाळी चार मासे तोंडं वर काढून धापा टाकत होते. दोन तरंगत होते.

अहो, बुडबुडा हे काय माप झालं? नळीचं तोंड बदललं की बुडबुडा लहानमोठा होतो. दुधाच्या मापावरून भांडणारे आपण, इथे मात्र मुकाट! शिवाय वनस्पती हा वायू खातात तो उजेडात. रात्री त्याही आपल्यासारखाच प्राणवायू घेतात. तेव्हा सिलिंडर चालू ठेवणं म्हणजे जेवून झोपलेल्याच्या तोंडात श्रीखंड कोंबणं. आणि ठसका लागतो शेजाऱ्याला!

आता टायमरवरची झडप दिव्यांआधीच मिटते. पाण्यात रंग बदलणारं द्रावण टांगलंय. निळं म्हणजे कमी. हिरवं म्हणजे लिटरला साधारण 30 मिलिग्रॅम, ठीक. पिवळं म्हणजे धोका. पण तेही सरकारी खात्यासारखं तासा-दोन तासांनी जागं होतं. म्हणून शेवटचा निकाल माशांचा. ते वर आले, की वायू बंद आणि हवेचा पंप चालू.

बुडबुडे मोजणाऱ्यांनी खुशाल मोजावेत. मी रोज चार तोंडं मोजतो.