अकराव्या दिवसाचं काय?

दहा दिवस मौन पाळणं कठीण असतं, मान्य. पण खरी परीक्षा सुरू होते ती त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी!

तुमच्याही ऑफिसमध्ये असा एखादा असणारच. उरलेली रजा टाकून गोवा नाही, मनाली नाही, तो थेट इगतपुरीला गेला. धम्मगिरीवर दहा दिवस विपश्यना. मोबाइल जमा, बोलणं बंद. परत आला तो चेहरा कसा धुतल्यासारखा स्वच्छ! लिफ्टच्या रांगेत शांत, कॅन्टीनमध्ये शांत, अप्रेझलच्या मीटिंगमध्येही शांत. दोघातिघांनी लगेच फॉर्म कुठे भरायचा तेही विचारून घेतलं. आणि मग महिन्याभरात... तीच चिडचिड, तीच धावपळ. ‘काय रे, उतरली का विपश्यना?’ असं कुणीतरी विचारतंच.

प्रश्न खवचट आहे, पण अगदीच खोटा नाही. असं होतं कशामुळे?

जरा तिथला दिवस आठवा. पहाटे ४ ला घंटा, ११ ला जेवण, संध्याकाळी ७ ला प्रवचन, साडेनऊनंतर झोप. स्वयंपाक दुसरं कुणीतरी करतं, ठरवायचं काहीच नसतं. ‘खोटं बोलायचं नाही’ हे शील तर सगळ्यात सोपं, कारण मुळात बोलायचंच नसतं! दहा दिवस सगळी व्यवस्था तुमच्या बाजूने उभी असते. अकराव्या सकाळी तुम्ही गेटबाहेर पडता, फोन सुरू करता आणि ती व्यवस्था संपते. मागे राहता फक्त तुम्ही.

आपली अपेक्षा इथेच चुकते. आपल्याला इगतपुरीची शांतता घरी आणायची असते. पण ती डोंगराची आणि मौनाची असते, डब्यात भरून आणता येत नाही. तिथे शिकवलेली गोष्ट वेगळी आहे. संवेदना उठते, बदलते, निघून जाते, तिच्यावर लगेच प्रतिक्रिया देऊ नका. शिबिरात गुडघा दुखतो, ऑफिसात अहंकार. धडा एकच. सगळ्यांना सीसी करून बॉसने झापलं की छातीत जी आग पेटते, तीही संवेदनाच. तिच्याकडे चार श्वास बघता आलं आणि मग उत्तर टाइप केलं, तर इगतपुरी वाया गेली नाही.

‘हे सगळं संन्याशांना ठीक, आम्हाला टार्गेट्स असतात’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक नाव सांगते. सयाजी ऊ बा खिन. ही विपश्यना भारतात आणणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचे हे गुरू. होते कोण? चक्क सरकारी नोकरदार! रंगूनच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तिथले पहिले ब्रह्मी अकाउंटंट जनरल झाले. साधनेला सुरुवात १९३७ ची, म्हणजे ऐन नोकरीतली. पुढे एका वेळी अनेक खात्यांचा कारभार सांभाळला, कचेरीतल्या माणसांना ध्यान शिकवलं आणि १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्रही सुरू केलं. गोएंका तर व्यापारी, घरसंसारवाले. अर्धशिशीने हैराण होऊन १९५५ मध्ये या केंद्रावर गेले. १९६९ मध्ये भारतात आल्यावर त्यांचं पहिलं शिबिर झालं तेही आपल्या मुंबईतच. म्हणजे ही परंपरा आपल्यापर्यंत आली तीच मुळी फाइली आणि हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या माणसांच्या हातून.

आता व्यवहाराचं बोलू. शिबिर संपताना सांगतात, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. सकाळचा तास गजर लावून जमतो. घात होतो संध्याकाळी. डोंबिवलीची लोकल, नाहीतर हिंजवडीचा ट्रॅफिक, वर भूक. मग एक दिवस चुकतो, दुसरा चुकतो, तिसऱ्या दिवशी मन म्हणतं, ‘जाऊ दे, आता पुढच्या वर्षी परत शिबिरच करू.’ बुद्धकाळातही असे हट्टी लोक होतेच. सोण नावाच्या श्रीमंत घरच्या तरुण भिक्षूने चालत ध्यान करण्याचा असा ध्यास घेतला की तळपाय रक्ताळले. तो वैतागून घरी परतायच्या विचारात होता. तो आधी उत्तम वीणा वाजवायचा, म्हणून बुद्धाने त्याला तारांबद्दलच विचारलं. फार ताणल्या तर वाजत नाहीत, फार सैल सोडल्या तरी नाहीत. तेव्हा तास जमला नाही तर वीस मिनिटं बसा, पण बसा. तुटेपर्यंत ताणू नका आणि खुंटीला टांगूनही ठेवू नका.

आणि एक अडचणीचा प्रश्न. सकाळी साडेसहा ते साडेसात तुम्ही दार लावून डोळे मिटता, तेव्हा डबा कोण भरतं? पोराला स्कूलबसवर कोण सोडतं? तुमचे ते दहा दिवस घर कुणी ओढलं? ‘एवढं ध्यान करतोस, मग कुकर लावायला काय होतं?’ हा टोमणा नाही, ही साधनेची फीडबॅक मीटिंग आहे! तुमच्या शांततेचं बिल घरातलं दुसरंच कुणी भरत असेल, तर दान आणि मैत्री हे शब्द तुम्ही गेटवरच विसरून आलात. घरच्यांशी बोलून वेळ ठरवा आणि तेवढाच वेळ त्यांनाही मोकळा करून द्या. घर सोबत असेल तर साधना टिकते.

सोबत घराबाहेरही लागते. आनंद एकदा म्हणाला की चांगले मित्र म्हणजे अर्धी साधना झाली. बुद्धाने त्याला तिथेच थांबवलं. अर्धी नव्हे, सगळीच! आपल्या महाराष्ट्रात हे नव्याने सांगायला नको. १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून कितीतरी घरांत त्रिशरण-पंचशील लहानपणापासून पाठ असतं, वंदनेला अख्खी वस्ती विहारात जमते. तुमच्या शेजारच्या डेस्कवरच्या कुणाला विचारून बघा. एकट्याच्या जिद्दीपेक्षा ठरलेला वार आणि ओळखीचे चेहरे जास्त दिवस टिकतात. शिबिर केलेल्यांसाठी गोराईच्या ग्लोबल पॅगोडात एक दिवसाची शिबिरं होतात, शहरांत साप्ताहिक सामूहिक साधनाही चालतात. जिमला पार्टनर शोधता ना? तसंच.

आजपासून एवढं कराच!

• जागा आणि वेळ पक्की ठेवा. रोज नव्याने ठरवायला लागलात की संपलं.
• संध्याकाळची बैठक जेवणाआधी. पोट भरल्यावर ध्यान नाही, डुलकी लागते.
• झोपताना आणि जाग आल्यावर पाच मिनिटं अंथरुणातच श्वास किंवा संवेदना बघा. फोन त्यानंतर.
• शील ऑफिसातच तपासा. टॅक्सीचं फुगवलेलं बिल, घरातूनच मारलेली ‘रस्त्यात आहे’ची थाप, शुक्रवारचा पेग... बैठकीत मन का पळतं याचं उत्तर इथेच सापडेल.
• आठवड्यातून एकदा तरी इतरांबरोबर बसा.

राहता राहिला प्रगतीचा प्रश्न. बैठकीत काय दिसलं, किती हलकं वाटलं, यावर मार्क देऊ नका. पूर्वी एखादं भांडण डोक्यात चार दिवस फिरायचं, आता संध्याकाळपर्यंत विरतं का? राग येणारच. तो किती वेळ मुक्कामाला राहतो, तेवढं बघा. आणि कुणी ‘उतरली का विपश्यना?’ असं विचारलं आणि तुम्हाला मनापासून हसू आलं, तर समजा, गाडी रुळावर आहे!