खोगीर उरले, बारगीर गेला

मराठी समीक्षेला सर्वांत प्रिय असलेल्या शब्दांपैकी एक ‘खोगीरभरती’ हा आहे. कादंबरी लांबली की समीक्षक तो हटकून वापरतात, आणि आम्हीही उत्तरपत्रिकांच्या समासात लाल शाईने तो असंख्य वेळा लिहिला असेल. खोगिरात नेमके काय भरतात, ते कमी-जास्त झाले तर घोड्याच्या पाठीचे काय होते, हे मात्र कुणी विचारत नाही. वरातीमागून घोडे, घोडे पेंड खाते, घोडामैदान जवळ, मांड ठोकणे, टाच मारणे, लगाम खेचणे. ही भाषा घोड्यावर बसून घडली आहे. तिच्या साहित्यात मात्र घोडेस्वार आता पुतळ्यापुरताच शिल्लक राहिला आहे, आणि याचा दोष आम्ही वाचकांना नव्हे, मराठी शिकवणाऱ्या आमच्याच वर्गाला देतो.

ऐतिहासिक कादंबऱ्या आणि दूरचित्रवाणीवरील मालिका यांतील ठरावीक प्रसंग आठवावा. दोन वीर समोरासमोर येतात, काखेत भाले दाबून परस्परांवर घोडे घालतात, टक्कर होते, एक कोसळतो. हे दृश्य दख्खनचे नाही. ते युरोपातील सरदारांच्या भालाझुंजीचे आहे. त्या झुंजीला अंगभर पोलादी चिलखत, पाठीमागे उंच कण्याचे खोगीर, धिप्पाड घोडा आणि आदळताच मोडावा असा लाकडी भाला लागे. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री अशाच खेळात भाल्याची ढलपी डोळ्यात घुसून १५५९ मध्ये मेला. भीमथडीच्या चपळ, हलक्या घोड्यावरून दिवसभर मजल मारणाऱ्या आणि अंगावर चालून आलेल्या फौजेला हुलकावणी देऊन तिची रसद तोडणाऱ्या मराठी स्वाराला त्या टकरीशी काय कर्तव्य? त्याच्याजवळ ‘विटा’ होता. दोरी बांधलेला हा भाला फेकून मारता येई आणि दोरीने परत ओढता येई. हत्यार बदलले की युद्धाची रीत बदलते, आणि रीत बदलली की गद्याची लयही बदलायला हवी. आमच्या कादंबरीकारांनी उसन्या टकरीवर अलंकारांचे ओझे लादले आणि आम्ही त्याला ‘ओजस्वी शैली’ म्हणून गुण दिले.

युरोपातील तो खेळ आजही जिवंत आहे. पोलादी चिलखत घालून खरोखर टक्कर देणारे स्पर्धक स्वार आहेत. अमेरिकेतील मेरीलँडने १९६२ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत खेळ ठरवले. तेथे टक्कर नसते, टांगलेल्या लहान कड्या दौडत्या घोड्यावरून भाल्याच्या टोकात ओवायच्या असतात. क्रोएशियातील सिन्य या गावी १७१५ मधील तुर्कांवरील विजयाच्या स्मरणार्थ दर ऑगस्टला अशीच कडीची शर्यत होते. युनेस्कोने २०१० मध्ये तिला वारशाच्या यादीत घेतले. त्या परिसरातील माणसालाच तीत उतरता येते, आणि कडीच्या कुठल्या भागातून भाला गेला यावरून तीन, दोन किंवा एक गुण मिळतो. एका लहानशा गावाने खेळ, पोशाख आणि शब्द हे तिन्ही एकत्र जपले.

आमच्याकडे काय आहे? आमच्याकडे मेख उपटण्याचा खेळ आहे. जमिनीत रोवलेली सहा सेंटिमीटर रुंदीची लाकडी मेख भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकाने उचलायची. मेख ठरलेल्या अंतरापर्यंत टोकावर टिकली तर सहा गुण, नुसती उपटली तर चार, नुसती टोचली तर दोन. स्वार उजवीकडे इतका लवतो की भाल्याचे टोक जमिनीलगत धावते, आणि मेख लागताक्षणी हात मागे सोडला नाही तर खांदा निखळायचा. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांत या प्रकाराला स्थान होते आणि भारताने त्यात सुवर्णपदक मिळवले. तरीही मराठी वृत्तपत्रांत या खेळाला ‘टेंट पेगिंग’ याखेरीज नाव नाही, कारण तो ‘इंग्रजांचा खेळ’ अशी आमची समजूत! ज्या भाषेत संताजींनी औरंगजेबाच्या डेऱ्याचे तणावे कापून सोन्याचे कळस आणल्याची हकिकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तिला शत्रूच्या छावणीत घुसून मेखा उपटण्याचा खेळ परका वाटावा, हे आश्चर्य.

यावर आमचे पुरोगामी स्नेही म्हणतील की घोडा, भाला, स्वारी हा सरंजामी थाट आहे, मराठी विभागाने त्याचे कौतुक कशाला करावे? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, आणि म्हणूनच तो चुकीचा आहे असे म्हणतो. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगिराचा सरकारी पागेतला. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आहे आणि तितक्या घोड्यांमागे एक पखाल्या व एक नालबंदही आहे. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा यांची नोंद बखरकाराने घेतली. शिवाय शिलेदाराने पागेच्या हुकमतीत राहावे, हेही तो स्पष्ट सांगतो. म्हणजे घोडा परवडत नसलेल्या माणसाला राज्याने घोडा दिला आणि घोडेवाल्याला त्याच्या वरचढ होऊ दिले नाही. सरंजामी थाट दिसतो तो कादंबरीत. बखरीत हिशेब आहे. आमच्या वर्गात बखर शिकवताना ‘शैलीची वैशिष्ट्ये’ यावर चार तास जातात, पखाल्यावर चार मिनिटेही नाहीत.

आम्ही हे बुलढाणा जिल्ह्यात बसून लिहितो. सिंदखेडराजा येथे दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंचा जन्मोत्सव होतो, भाषणांतून घोड्यांच्या टापा ऐकू येतात. याच तालुक्यातील साखरखेर्डा येथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाला मारले आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला. गावाचे नाव त्याने फत्तेखेर्डा केले. १७५७ मध्ये खुद्द सिंदखेडला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. आमच्याकडे बी.ए.ला येणारी कित्येक मुले पहाटे पोलीसभरतीसाठी धावतात. त्यांतला एखादा उद्या अश्वदलात गेला, तर सरकारी घोड्यावर बसून मेखेवर भाला धरील. त्याला बारगीर म्हणतात हे त्याला कोण सांगणार? बंगालमध्ये ‘बर्गी’ हा शब्द अजून अंगाईगीतात आहे, मुलांना भीती घालणारा. ज्यांना आम्ही लुटले त्यांच्या स्मरणात तो राहिला. आम्हाला तो शब्दकोशात शोधावा लागतो. (आमच्या वीरश्रीत ही आठवण गैरसोयीची ठरते, हे वेगळे.)

सैन्यातील परंपराही अशीच विस्मरणात गेली. १९५३ मध्ये संस्थानांची घोडदळे एकत्र करून जयपूरचे ६१ वे अश्वदल उभे राहिले. त्यात शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्सही होते. मराठी भालाइतांचा हा अखेरचा दुवा कुठल्याही मराठी कादंबरीचा विषय झाल्याचे आमच्या वाचनात नाही. पानिपतावर मात्र अजून कागद पुरेना!

नावाचे म्हणाल तर या खेळाला ‘नेजेबाजी’ म्हणावे, असे आम्ही सुचवतो. सीमेपलीकडे आणि उत्तरेत तो ‘नेझाबाजी’ म्हणूनच ओळखला जातो, आणि ‘नेजा’ मराठीत पूर्वीपासून आहे. फारसी म्हणून कुणी नाक मुरडील, तर त्याने लगाम, रिकीब, जीन, शिलेदार आणि बारगीर हेही आधी परत करावेत. राज्यव्यवहारकोशाने साडेतीन शतकांपूर्वी दरबारी व्यवहारात संस्कृत शब्द आणण्याचा प्रयत्न केला. पागेत मात्र जुनेच शब्द चालत राहिले, कारण तिथे घोड्याला समजणारी हाक लागते.