घरच्या पूल स्पर्धेत बाद फेरी नकोच! आठ जणांचं गणित काय सांगतं?

घरी पूलची स्पर्धा ठेवायची म्हटलं की पहिली चर्चा टेबलाची होते, दुसरी खाण्याची. ड्रॉ कसा काढायचा, यावर कुणी दोन मिनिटंही घालवत नाही. आठ नावांच्या चिठ्ठ्या, क्वार्टर फायनल, सेमीफायनल, फायनल. झालं! मीही तेच केलं होतं आणि तिथेच चुकलो.

तळेगावच्या एका मित्राने जुनं सात फुटी टेबल घेतलं आणि रो-हाऊसच्या तळमजल्यावर हॉलमध्ये मांडलं. रविवारी दुपारी आठ जण जमलो. ‘तू इंजिनीअर ना, मग ड्रॉ तूच कर,’ असं म्हणून कागद माझ्या हातात दिला गेला. आमचा एक मित्र डोंबिवलीहून आला होता. आधी कल्याण, तिथून लोणावळा, मग लोकलने तळेगाव. त्याची पहिलीच मॅच लागली. आठ मिनिटांत चुकून ब्लॅक बॉल पॉकेटमध्ये गेला आणि तो स्पर्धेबाहेर. चहासुद्धा झाला नव्हता. तासभर मोबाईल बघून तो परतीच्या लोकलला निघून गेला.

पुढच्या वेळी बोलावलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, ‘एका फ्रेमसाठी तीन गाड्या?’

टेबल उत्तम होतं, मित्रही उत्तम होते. चूक माझ्या कागदावर होती. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : घरच्या मैत्रीपूर्ण स्पर्धेत बाद पद्धत वापरू नये. का, ते आकड्यांतच बघू.

बाद पद्धतीत नेमकं काय होतं?

प्रत्येक मॅचमध्ये एक जण बाहेर जातो. आठांतून एक उरायचा तर सात जण बाहेर जायला हवेत, म्हणजे सात मॅच. नवख्या खेळाडूंची एक फ्रेम साधारण १५ मिनिटं चालते असं धरलं तर पूर्ण स्पर्धा पावणेदोन तासांत संपते. यजमानाला हे सोयीचं वाटतं.

पण पाहुण्याच्या बाजूने बघा. आठांपैकी चार जण फक्त एक फ्रेम खेळतात. आणखी दोन जण दोन फ्रेम खेळतात. तीन फ्रेम खेळायला मिळतात त्या फक्त फायनलच्या दोघांना. म्हणजे ज्याला आधीच चांगलं खेळता येतं त्यालाच जास्त टेबल मिळतं आणि ज्याला सरावाची गरज आहे तो सोफ्यावर बसतो. पहिल्याच मॅचमध्ये हरलेला पाहुणा पुढचा दीड तास प्रेक्षक असतो.

‘पण खरा चॅम्पियन तर कळतो ना?’

नाही, तोही कळत नाही. समजा, तुमच्या ग्रुपमधला सगळ्यात चांगला खेळाडू कुणाही विरुद्ध एक फ्रेम जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. बाद पद्धतीत त्याला सलग तीन मॅच जिंकाव्या लागतात. ०.६ गुणिले ०.६ गुणिले ०.६ म्हणजे ०.२१६. पाच स्पर्धा घेतल्या तर त्यातली जेमतेम एक तो जिंकेल.

यावर कुणीतरी ‘बेस्ट ऑफ थ्री’ सुचवतंच. त्याचंही गणित करून बघितलं. तीनपैकी दोन फ्रेम जिंकायच्या असतील तर त्याची एक मॅच जिंकण्याची शक्यता ६० वरून सुमारे ६५ टक्क्यांवर जाते. मात्र प्रत्येक मॅचला सरासरी अडीच फ्रेम लागतात. म्हणजे वेळ अडीचपट आणि फायदा पाच टक्क्यांचा. तिन्ही मॅच जिंकून विजेता होण्याची शक्यता तरीही २७ टक्क्यांच्या आसपासच राहते.

थोडक्यात, एका संध्याकाळी, एका टेबलावर खरा चॅम्पियन शोधणं जवळपास अशक्य आहे. गट साखळी घेतली तरी हा आकडा फार हलत नाही. मग जे साधणारच नाही, त्यासाठी चार पाहुण्यांना एका फ्रेमवर का कटवायचं?

मग कोणती पद्धत घ्यायची?

सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायची पूर्ण साखळी ठेवली तर आठ जणांच्या २८ फ्रेम होतात. १५ मिनिटांच्या हिशेबाने सात तास. जेवणासकट मध्यरात्र होईल आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतील.

मधला मार्ग सोपा आहे. चार-चार जणांचे दोन गट करा. प्रत्येक गटात सहा फ्रेम, दोन्ही गटांच्या मिळून १२. मग प्रत्येक गटातले पहिले दोघे सेमीफायनलला. दोन सेमीफायनल आणि एक फायनल धरून एकूण १५ फ्रेम, म्हणजे पावणेचार तास. दुपारी चारला सुरू केलं तर आठच्या आत विजेता ठरतो. आणि सगळ्यात कमी खेळलेला पाहुणाही तीन फ्रेम खेळून घरी जातो.

फ्रेमचा क्रमही ठरवून ठेवा. दर फेरीत चार फ्रेम, प्रत्येक जण फेरीत एकदाच. म्हणजे दर तासाला प्रत्येकाची एकदा पाळी. चिठ्ठ्या काढायच्याच असतील तर ग्रुपमधले दोन तरबेज खेळाडू आधीच वेगवेगळ्या गटांत टाका आणि नवख्याची पहिली मॅच त्यांच्याशी लावू नका.

बाद फेरीचा थरार कमी होतो, हा आक्षेप मला मान्य नाही. सेमीफायनल आणि फायनल आहेतच की. आयपीएलमध्येही प्रत्येक संघ साखळीत १४ सामने खेळतो, मग प्लेऑफ होतात. तिथे एका पराभवावर कुणाला घरी पाठवत नाहीत, तर आपण मित्राला का पाठवायचं?

कोणते नियम आधी ठरवायचे?

पूल म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘एट बॉल’. पांढरा बॉल धरून १६ बॉल. एक ते सात सॉलिड, नऊ ते पंधरा स्ट्राइप, आठ नंबरचा ब्लॅक. आपले सात बॉल घातले की शेवटी ब्लॅक. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. भांडणं पुढे होतात, कारण प्रत्येक जण आपापल्या कॉलेजजवळच्या पार्लरचे नियम घेऊन आलेला असतो. म्हणून हे पाच मुद्दे आदल्या दिवशीच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका :

- पांढरा बॉल पॉकेटमध्ये गेला तर काय? आंतरराष्ट्रीय नियमांत समोरच्याला पांढरा बॉल टेबलावर कुठेही ठेवून खेळता येतं. काही ठिकाणी दोन शॉट देतात. एकच काहीतरी ठरवा.
- ब्रेकवर ब्लॅक गेला तर? अनेक पार्लरमध्ये ब्रेक करणारा जिंकला असं मानतात. आंतरराष्ट्रीय नियमांत तसं नाही. ब्लॅक पुन्हा टेबलावर ठेवतात किंवा ब्रेक नव्याने होतो. घरच्या स्पर्धेत दुसराच नियम बरा. एका धक्क्यात फ्रेम संपली तर कुणालाच मजा येत नाही.
- पॉकेट सांगायचं का? तरबेज खेळाडूने प्रत्येक शॉटला सांगावं, नवख्याने फक्त ब्लॅकच्या वेळी. हॅंडिकॅप देण्याचा हा सगळ्यात सोपा प्रकार.
- वेळेची मर्यादा काय? २० मिनिटांनी ज्याचे टेबलावर कमी बॉल उरलेत तो जिंकला. बरोबरी असेल तर पुढचा बॉल आधी घालणारा.
- गटात बरोबरी झाली तर? हरणाऱ्याचे किती बॉल उरले होते, ते प्रत्येक फ्रेमनंतर लिहून ठेवा. ज्याने प्रतिस्पर्ध्यांचे जास्त बॉल उरवले तो पुढे.

अंपायर वेगळा लागत नाही. एका गटाची फ्रेम चालू असताना दुसऱ्या गटातल्या कुणीतरी स्कोअर लिहावा. वाट बघणाऱ्यालाही काम मिळतं आणि वादही तिथल्या तिथे मिटतात.

टेबल घरात मावतं का?

बऱ्याच फ्लॅटमध्ये नाही, हे आधीच सांगतो. सात फुटी टेबलाचा खेळायचा भाग साधारण ७८ बाय ३९ इंच असतो आणि क्यू सुमारे ५८ इंचांचा. चारही बाजूंनी क्यू मागे घ्यायला जागा हवी, म्हणजे खोली किमान सोळा बाय तेरा फुटांची लागते. ४८ इंचांचा छोटा क्यू वापरला तरी साडेचौदा बाय सव्वाअकरा फूट. दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये हे बसत नाही. खोली लहान असली की प्रत्येक तिसरा शॉट भिंतीशी भांडत मारावा लागतो.

म्हणून आपल्याकडे ‘घरी’ म्हणजे बऱ्याचदा सोसायटीचं क्लब हाऊस. नव्या सोसायट्यांच्या ब्रोशरमध्ये पूल टेबलाचा फोटो हमखास असतो. ते टेबल एरवी कव्हरखाली पडून असेल, तर एका रविवारसाठी कमिटीकडून हॉल मागून घ्या. खाण्याची प्लेट आणि कोल्ड्रिंकचे ग्लास मात्र टेबलापासून लांब ठेवा. कापडावर डाग पडला की पुढच्या वेळी किल्ली मिळणार नाही.

पैसे लावायचे का?

अजिबात नको. कॉलेजच्या काळात आम्ही तासाच्या भाड्याने खेळायचो आणि नियम एकच होता, हरणारा टेबलाचं भाडं भरणार. ऐकायला गमतीचं वाटतं. प्रत्यक्षात ज्याला येत नव्हतं तो महिनाभर भाडं भरायचा आणि मग यायचंच बंद करायचा. वर्गातल्या मुली तर त्या पार्लरची पायरीही चढल्या नाहीत. आतला सिगारेटचा धूर आणि वळून बघणाऱ्या नजरा त्यांना नको होत्या. आम्ही चौघेच एकमेकांशी खेळत राहिलो आणि ‘बाकीच्यांना इंटरेस्टच नाही’ असं म्हणत राहिलो.

क्यूचे खेळ आपल्याकडे नवीन नाहीत. स्नूकरचा जन्मच भारतातला. १८७५ मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये तो सुरू झाला असं मानलं जातं. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकलं आणि १९६४ मध्ये पुन्हा. तरीही ही टेबलं बराच काळ मेस, क्लब आणि जिमखान्यांच्या दारांआड राहिली. तिथे सदस्यत्व लागायचं, पार्लरमध्ये पैसे लागतात. घरच्या टेबलाला यातलं काहीच लागत नाही. तिथेही आपण एका फ्रेमनंतर लोकांना बाहेर काढणार असू, तर दार उघडून उपयोग काय?

दुसऱ्या स्पर्धेत काय झालं?

यंदा आम्ही दोन गटांची पद्धत घेतली. डोंबिवलीच्या मित्राला आधी फोन करून सांगितलं, ‘तीन फ्रेम नक्की.’ तो आला. आठवा खेळाडू ऐन वेळी गळाला, तेव्हा यजमान मित्राच्या आईला आम्ही सहज विचारलं, ‘काकू, खेळता का?’ काकूंनी आयुष्यभर कॅरम खेळलेला, क्यू मात्र कधी हातात धरलेला नाही.

पहिली फ्रेम त्या सात बॉल शिल्लक असताना हरल्या. दुसऱ्या फ्रेमपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की पांढरा बॉल म्हणजे स्ट्रायकर आणि सोंगटीला कट मारतो तसाच इथे कोन धरायचा. ती फ्रेम दोन बॉलने गेली. तिसरी त्यांनी जिंकली, तीही माझ्याविरुद्ध. सेमीफायनलला त्या पोहोचल्या नाहीत, पण फायनल संपेपर्यंत स्कोअरचा कागद त्यांच्याच हातात होता. जुन्या पद्धतीत त्या पंधरा मिनिटांत बाद होऊन स्वयंपाकघरात परतल्या असत्या आणि ‘आईला काय कळतं यातलं’ असं आम्ही समजून चाललो असतो.

तेव्हा पुढच्या सुट्टीत स्पर्धा ठेवाल, तेव्हा ट्रॉफी मागवण्याआधी कागदावर एक आकडा काढा : सगळ्यात कमी खेळलेला पाहुणा किती फ्रेम खेळून जाणार? उत्तर ‘एक’ येत असेल तर ड्रॉ फाडा आणि नव्याने करा. दहा मिनिटांचं काम आहे.