अडेलतट्टू कोण?

हट्टी माणसाला मराठीत ‘अडेलतट्टू’ म्हणतात. हा शब्द स्वाराने घडवला आहे, घोड्याने नव्हे. तट्टू अडले की दोष तट्टाचा, हे त्यात आधीच गृहीत धरलेले आहे. इव्हेंटिंग या अश्वक्रीडेत मात्र घोडा अडथळ्यापुढे थांबला, तर त्याला ‘रिफ्युजल’ म्हणजे नकार म्हणतात. नकार देण्यासाठी इच्छा असावी लागते, आणि ती घोड्याला आहे एवढे तरी या शब्दाने मान्य केले आहे. पुढे या नकाराचे जे होते, त्याविषयी आमची तक्रार आहे.

२०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत फवाद मिर्झा यांनी याच प्रकारात वैयक्तिक रौप्यपदक मिळवले, त्यामुळे त्याचे नाव आपल्याला अगदीच अपरिचित नाही. घोड्याची शिस्त आणि लय पाहणारे ड्रेसाज, माळरानावरचे पक्के अडथळे ओलांडणारी क्रॉस-कंट्री आणि पडू शकणाऱ्या दांड्यांवरचे शो-जंपिंग, अशा तीन परीक्षा घोडा व स्वाराच्या एकाच जोडीने द्यायच्या असतात. घोडदळाच्या कसोटीतून जन्मलेला हा खेळ १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे.

ब्रिटनमध्ये याचा हंगाम मार्चमध्ये उघडतो. हिवाळ्यात विसावलेला घोडा आधी कित्येक आठवडे नुसता चालवला जातो, मग दुडक्या चालीवर येतो, मग उड्यांवर. दम लवकर परत येतो. स्नायुबंध आणि हाडे मात्र आपल्याच गतीने कणखर होतात. तयारी पूर्ण झाली तरी आभाळ साथ देईल असे नाही. १९४९ पासून भरणारी बॅडमिंटनची प्रख्यात स्पर्धा २०१२ साली मैदानात पाणी साचल्याने रद्द झाली, २००१ साली लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे. मे महिन्यातल्या स्पर्धेची ही कथा, तर मार्चमधल्या भिजलेल्या मैदानांविषयी काय बोलावे! ड्रेसाजमध्ये अव्वल ठरलेली जोडी दुपारी पहिल्याच पाण्याच्या अडथळ्यापुढे थबकते. गतवर्षी बुजणारा घोडा यंदा शांतपणे सगळे पार करतो. हंगामाचा प्रारंभ असाच असायचा.

खरे घोडे पेंड खाते ते निकालपत्रात. क्रॉस-कंट्रीत पहिल्या नकाराला २० दंडगुण आहेत. निर्धारित वेळेपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक सेकंदाला ०.४. आता हिशेब करा. हंगामातली पहिली धाव, जमीन निसरडी, म्हणून एखाद्या स्वाराने घोडा जाणीवपूर्वक आवरून घेतला आणि त्याला ५० सेकंद जास्त लागले. दंडगुण २०. दुसऱ्याने कच्च्या घोड्याला वेगाने अडथळ्यावर नेले आणि घोड्याने नकार दिला. दंडगुण २०. पहिल्याने घोड्याचे ऐकले, दुसऱ्याने ऐकले नाही. बेरजेच्या रकान्यात दोघे समान. आकड्यांनी सत्य सांगितले, पण अर्थ सांगितला नाही, आणि आपण मात्र आकड्यांनाच अर्थ समजून बसतो.

यावर उत्तर ठरलेले असते. वाहतूक, प्रवेशशुल्क, पागेचा खर्च यांचा भार मोठा. घोड्याची ऐन उमेदीची वर्षे मोजकी. वरच्या श्रेणीत जायचे तर पात्रतेचे निकाल हवेत. शिवाय घोडा स्पर्धेतच शिकतो. यातले काहीही खोटे नाही. पण पात्रतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांकडेच पाहा. तिथे ठरावीक मर्यादेपर्यंत जादा सेकंद चालतात, अडथळ्यावरचा नकार चालत नाही. म्हणजे सावकाश आणि स्वच्छ धावणे हा पराभव नव्हे, हे नियमकर्त्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते यादीतला क्रमांक पाहून स्वाराची किंमत करणाऱ्या मालकांना, पुरस्कर्त्यांना आणि प्रेक्षकांना. स्पर्धेत शिकायचे तर एक श्रेणी खाली उतरूनही शिकता येते. आड येतो तो केवळ मान.

या मानाची किंमत नेहमी दंडगुणांत चुकती होत नाही. १९९९ च्या एकाच हंगामात ब्रिटनमध्ये पाच स्वारांचा मृत्यू झाला. त्यानंतर आघात होताच ढळणाऱ्या खिळ्यांवर आडवे ओंडके बसवण्याची युक्ती पुढे आली, आणि ती स्वागतार्हच आहे. परंतु अडथळ्याला नमते घ्यायला शिकवले, तसे ते स्वारालाही शिकवायला नको का? ‘आज नाही’ असे म्हणून क्रॉस-कंट्रीपूर्वी माघार घेणारा स्वार भित्रा ठरत असेल, तर त्याच्या घोड्याच्या वतीने बोलणारे दुसरे कोण उरते? घोड्याने प्रवेशअर्जावर सही केलेली नसते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : हंगामाच्या पहिल्या महिन्यातले निकालपत्र क्रमवारी म्हणून वाचू नये, साक्ष म्हणून वाचावे. घोड्याचा नकार हा त्या साक्षीतला सर्वांत प्रामाणिक जबाब असतो. तो ऐकूनही पुढच्या आठवड्यात तोच घोडा, त्याच वेगाने, तसल्याच अडथळ्यावर नेणारा जो कोणी असेल, अडेलतट्टू हे विशेषण आता त्याला द्यावे. तट्टाने ते पुष्कळ वाहिले.